बघायला आलेल्या काकूंचे प्रश्न

मला बघायला भाईंदरहून एक कुटुंब आमच्या पेणकरपाड्याच्या घरी येणार होतं, तेव्हा आईने आधीच बजावलं होतं, "काय काम करतेस विचारलं तर संशोधन म्हण आणि गप्प बस. तू सुरू झालीस की थांबत नाहीस."

मुलगा बँकेत होता. सोबत त्याचे आईवडील. त्याची आई, म्हणजे काकू, नर्स होत्या. दोन्ही घरं मूळची मराठवाड्यातली, त्यामुळे समोसे संपेपर्यंत गप्पा गावाकडच्याच झाल्या. मग काकूंनी विचारलंच, "संशोधन म्हणजे नेमकं काय करतेस गं?"

मी आईकडे बघायचं टाळलं. "नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत असते. तिच्यातूनच पुढे ग्रह बनतात. त्या चकतीत कुठली रसायनं कशी तयार होतात, ते शोधतोय आम्ही. लॅबमध्ये तिथल्यासारखी कडाक्याची थंडी करून वायू गोठवतो."

"कुठली असतात?"

"पाणी, अमोनिया, अल्कोहोल..."

"दारू?" मुलाचे वडील सोफ्यावर पुढे सरकले.

"पिण्यातली नाही काका. मिथेनॉल. विषारी असतं."

"अगं बाई," आई पुटपुटली आणि रिकाम्या बश्या उचलून आत गेली.

मुलगा मात्र पोट धरून हसला. त्यानेच पुढच्या आठवड्यात फोन केला. ऑफिसातली एक मुलगी त्याला आवडत होती, घरी सांगायची हिंमत होत नव्हती. "तुम्ही बिनधास्त बोललात, म्हटलं आपणही बोलून टाकू. सॉरी हं." मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं.

मग काकूंचा फोन आला. मला वाटलं, समजूत घालतील. तर त्या म्हणाल्या, "लग्नाचं जाऊ दे. धुळीचा ग्रह होतो कसा? मी रोज झाडते, धूळ तर उडून जाते."

"कपाटाखाली बारीक धुळीचे गोळे होतात ना काकू? सुरुवात तशीच होते. कण कणाला चिकटतो. ताऱ्यापासून लांब थंडी असते, तिथे कणांवर बर्फ चढतो. काही ठिकाणी त्याचीही मदत होते."

"आणि ताऱ्याजवळ?"

"तिथे इतकं गरम असतं की पाण्याची वाफच राहते. दगड आणि धातू तेवढे घट्ट होतात."

"मग आपली पृथ्वी सूर्याच्या जवळच की. इथे पाणी आलं कुठून?"

"त्यावर अजून आमच्यात वाद चालू आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" काकूंना इतका आनंद झाला की मलाही हसू आलं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी त्या आमच्याकडे येऊ लागल्या. आईची आणि त्यांची गट्टी जमली. मुलाच्या लग्नात त्यांनी मला हाताला धरून सगळ्यांसमोर फिरवलं. "ही माझी मैत्रीण," त्या सांगत होत्या. एका मामांनी मला कामाबद्दल विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत काकूंनीच चकती, बर्फ, दगड सगळं समजावून सांगितलं. एकही चूक नाही. मी आपली निवांत जिलेबी खात ऐकत उभी राहिले.