मावशीचा होकार

नानकटाई करायची टूम माझीच होती, त्यामुळे पहिला घाणा बिघडला त्याचा दोषही माझ्याच पदरात. शनिवारी मी भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी आणि पुढे जीप अशी खडखडत पासलीला मावशीकडे गेले, ते पिशवीत मैदा, पिठीसाखर आणि वेलदोडे घेऊनच. सोमवारी घराला कुलूप लागणार होतं. मावशीला तिचा मुलगा, माझा मावसभाऊ दादा, पुण्याला नेणार होता. निदान एक दिवस तरी पूर्वीसारखा जावा, एवढीच माझी इच्छा होती.

होळीच्या सुमारास मावशीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, बोलणं गेलं. पाय थोडा परत आला, पण बोलणं काही आलं नाही. तेव्हापासून ती एकच करायची. काहीही विचारलं की होकाराची मान हलवायची. पाणी हवंय? मान. नकोय? तरी मान. वहिनी, म्हणजे तिची सून, पुण्यातली शिवणकामाची नोकरी सोडून आठ महिने तिच्यापाशी राहिली होती. दादा शनिवार-रविवार यायचा. त्यानं गेल्याच आठवड्यात तिला विचारलं, “आई, येतीस ना पुण्याला?” तिनं मान हलवली. लगेच त्याचा मला फोन आला. “आई तयार झाली गं,” म्हणाला, आणि मोठा श्वास सोडला. तो श्वास मला भोरमध्ये ऐकू आला.

मावशीच्या नानकटाईला माप कधीच नव्हतं. सगळं हाताच्या अंदाजानं. रविवारी सकाळी तिला परड्यातल्या चुलीपाशी खुर्चीत बसवलं आणि मी परात घेऊन समोर बसले.

“मावशे, तूप घालू आणिक?”

मान.

“आणिक?”

मान.

माझी अक्कल गहाण पडली होती म्हणा, मी तूप घालतच गेले. पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, झाकणावर निखारे, सगळं तिच्या पद्धतीनं केलं. झाकण उघडलं तर बारा नानकटाया वितळून त्यांची एक भाकरी झालेली. दादा म्हणाला, “भोरात ह्यालाच नानकटाई म्हणत्यात का?” आम्ही ती भाकरी तोडून चहात बुडवून खाल्ली. तीही बरी लागली, हे आपलं माझं मत.

दुपारी दादानं ओसरीच्या फरशीवर खडूनं अष्टाचंगाचा पट आखला. पाच-पाच घरांचा, मधल्या घरात फुली. दान टाकायला फोडलेले चिंचोके. सोंगट्या म्हणून दादाचे खडे, वहिनीच्या तुरी, माझी बटणं, आणि मावशीचे लाल बांगडीचे तुकडे, पूर्वीपासून तेच. या खेळात तिला हरवलेलं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. तिला खुर्चीतून उतरवून भिंतीशी टेकून बसवलं. डाव्या हातानं ती चिंचोके टाकायला लागली. ते घरंगळत उंबऱ्यापर्यंत जायचे आणि वहिनी उठून आणायची.

दादा लहानपणापासूनचा चिडका आणि चोर. त्याला तीन पडले. मावशीची सोंगटी मारायला चार हवे होते. त्यानं आपला खडा झपझप चार घरं नेला आणि बांगडीचा तुकडा उचलून मुठीत घेतला.

मावशीनं त्याचं मनगट धरलं. आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जोरात मान हलवली. त्याची मूठ उघडली, आपला तुकडा पटावर ठेवला, आणि त्याचा खडा एक घर मागं सारला.

“अगंबाई!” वहिनी ओरडली. “आई न्हाई म्हणल्या!”

आठ महिन्यांतलं पहिलं ‘नाही’. दादा हसता हसता बाहीनं डोळे पुसायला लागला. “घाल आई, एक रट्टा घाल मला,” म्हणत त्यानं पाठ पुढं केली, आणि तिनं खरंच घातला. वहिनी पळत जाऊन परात घेऊन आली. “आई, मैदा घालू?” होकार. “तूप?” नकार. “आता बास का?” तिनं बोटानं पीठ दाबून पाहिलं, आणखी एक मूठ मैदा घालायला लावला, मग होकार. दुसरा घाणा अस्सा झाला, की वर भेगा पडलेल्या आणि वास पार रस्त्यापर्यंत.

मला आनंद झालाच. पण आनंदाच्या पाठोपाठ दादाचा तो फोन आठवला. हिला ‘नाही’ म्हणता येत होतं, तर गेल्या आठवड्यातला होकार कसला होता? तुपासारखाच तर नव्हता?

दादा-वहिनी तिसऱ्या घाण्याचे निखारे सारखे करायला परड्यात गेले. ओसरीवर आम्ही दोघीच. विचारू नये असं मला वाटत होतं, तरी मी विचारलं.

“मावशे, पुण्याला जायचंय तुला?”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग परड्याच्या दाराकडे पाहिलं, तिकडून कोणी येत नाही ना हे बघून घेतलं. आणि सावकाश मान हलवली. नाही.

झालं. आता मी काय करू? भोरला माझ्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासरे अंथरुणाला खिळलेले. वहिनीचे हात आठ महिन्यांत सोलवटून गेलेले मी पाहत होते. तिची दोन मुलं तिकडे आजोळी पडलेली. हितं मावशीला एकटीनं संडासलाही जाता येत नाही. मला सगळ्यांचा राग आला, आणि राग धरावा असं एकही माणूस तिथं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. हात गार होता.

दादा ताटलीत गरम नानकटाई घेऊन आला. आईसमोर उकिडवा बसला, एक फोडून फुंकर घालून तिच्या तोंडात भरवली.

“आई, उद्या जायाचं ना? लई दमतीस का? गाडीत उशी ठेवतो मागं. येतीस ना?”

विचारताना त्याचा चेहरा शाळेतून निकाल आणलेल्या पोरासारखा झाला होता. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली. वरखाली, दोनदा.

“बघितलंस ना?” तो माझ्याकडे वळला. “उद्या लोक म्हणतील म्हातारीला वढून नेली. तू हायेस साक्षीला. व्हय म्हणली ना ती?”

मावशी माझ्याकडेच बघत होती.

मीही मान हलवली. वरखाली, तिच्यासारखीच.