टाकीत अडकलेली हवा

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरचे एक काका एकटेच राहत. पेशाने इंजिनिअर. त्यांची गाडी जवळजवळ माझ्याच वयाची होती. डाळ-तांदूळ आणायला आम्ही तिच्यातून पिट्सबर्गला जायचो आणि वाटेत ती हमखास बंद पडायची. काका शांतपणे उतरून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडत. सुस्स करून हवा आत शिरली की म्हणत, "आला जीव." मग गवतात बसून थर्मासमधला चहा ओतत आणि बोलत सुटत. गाडी चालू असताना मात्र तोंडातून अवाक्षर नाही.

एका रविवारी निघण्याआधी मी गाडीखाली शिरलो. टाकीत हवा जाण्याची बारीक नळी मातीने बुजली होती, त्यामुळे पेट्रोल इंजिनपर्यंत ओढलंच जात नव्हतं. मी तार घालून ती साफ केली. "काका, प्रॉब्लेम सॉल्व्ह केला!"

"वा," काका एवढंच म्हणाले.

त्या रविवारी गाडी कुठेही थांबली नाही. काका जाता-येता गप्प होते. चहा थर्मासमध्ये तसाच परत आला.

पुढच्या खेपेला गाडी पुन्हा बंद पडली. काका चहा ओतत असताना मी बंपरखाली वाकलो. नळीच्या तोंडात कापसाची वात होती, निरांजनात लावतात तशी, घट्ट वळलेली. पुन्हा माती जाऊ नये म्हणून घातली असेल? पण हवा अडेल हे यांना कळत नाही? मला काही उमजेना. मग मागच्या खेपेला तसाच परत आलेला चहा आठवला.

"काहून रे, सापडलं का काही?" काकांची नजर कपातच होती.

"नाही काका," म्हणालो, वात तशीच राहू दिली आणि माझा कप पुढे केला.