सासूबाईंचं पिंप

माझ्या सासूबाई झेलिंडा इटलीतल्या मोन्तेपुल्चानोत वीन सांतो ही गोड वाइन करायच्या. सुकवलेल्या द्राक्षांचा रस माळ्यावरच्या लाकडी पिंपात ओतायचा, तोंड सिमेंटनं लिंपायचं आणि आठ वर्षं हात लावायचा नाही. तळाच्या दाट गाळाला त्या 'आई' म्हणत. त्यांच्या आजेसासूपासून चालत आलेलं ते विरजण होतं.

मी पडले शहरातली, स्वच्छतेची हौस दांडगी. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी रिकामं पिंप कढत पाण्यानं खळबळलं आणि गाळ अंगणात ओतला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यात नवा रस भरला. तोंड लिंपताना म्हणाल्या, "आत आई आहे, आता काळजी नाही." तेव्हा कुठे मला कळलं, मी काय फेकलं ते. मी गप्प बसले.

आठ वर्षांनी पिंपाचं तोंड फोडलं, तेव्हा सगळं घर जेवायला जमलं होतं.

धाकटे दीर घोट घेऊन म्हणाले, "आई, हे सॅलडवर घाल. व्हिनेगरचा खर्च वाचेल."

सगळे हसले. सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"माझाच हात गेला रे," त्या म्हणाल्या आणि माळ्याची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "यापुढे तूच कर, पोरी. तळातल्या आईला मात्र जप."

मी किल्ली घेतली.