वहिनी गाडीत बसेपर्यंतचे ब्रेकपॅड

माझं स्पेअर पार्टचं दुकान नगरमध्ये, पाथर्डी रस्त्याला. दुकानातून जेवढे पार्ट जातात त्याहून जास्त किस्से आत येतात. गिऱ्हाईक माझ्याकडून पार्ट घेतं आणि शेजारच्या गुलाब मिस्त्रीकडं बसवायला जातं. मिस्त्री चाक खोलतो, एखादा नट अडकतो, आणि तो सुटेपर्यंत गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर बोलत बसतं. ब्रेकची काळी भुकटी कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात असतेच. किश्श्यांचंही तसंच.

त्यातले निम्मे एकट्या डॉक्टरांचे. मी तिखटमीठ लावून सांगतो असं लोक म्हणतात. मीठ मी लावतो, कबूल. तिखट डॉक्टरांचं स्वतःचंच असतं!

* * *

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. राहायला नगरला, काम पाथर्डीकडच्या गावांत. वहिनी पाथर्डीला शाळेत शिकवतात. मध्ये करंजी घाट.

पंचेचाळिशीत डॉक्टरांनी एक सेकंडहँड गाडी घेतली. लाल, बुटकी, मागं पंख लावलेली. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. आधीच्या मालकानं ती पळवायची तेवढी पळवली होती, थांबवायचं कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात घाट उतरताना ब्रेक तापले. जळका वास सुटला, पाय दाबला तरी गाडी ऐकेना. डॉक्टरांनी कडेच्या खडीच्या ढिगात गाडी घातली तेव्हा ती थांबली.

वहिनी खाली उतरल्या, साडीवरची धूळ झटकली आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला. पायरीवर पाय ठेवून मग म्हणाल्या, "ब्रेक नीट झाल्याशिवाय मी या गाडीत बसायची नाही. आणि नीट झाले का नाही ते मी ठरवणार, तुम्ही नाही!"

त्या दिवसापासून नवरा-बायको एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच रस्त्यानं निघायचे. नवरा लाल गाडीत, बायको लाल एसटीत. घाटात ब्रेक गार करायला डॉक्टर दोनदा थांबायचे, त्यामुळं एसटी आधी पोचायची!

कॉलनीत कुजबूज सुरू झाली. एका शेजाऱ्यानं डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात काही बिनसलंय का? मी बोलू का वहिनींशी?"

डॉक्टर तडक माझ्या दुकानात आले. "मला या जगातले सगळ्यात भारी ब्रेकपॅड पाहिजेत."

* * *

मोबाईलवर त्यांनी चाळीस-पन्नास व्हिडिओ बघितले होते. "रेसिंगचे मागवा," म्हणाले.

गुलाब मिस्त्रीनं हात पुसत सांगितलं, "डॉक्टर, शर्यतीचं प्याड गरम झाल्याबिगर धरत न्हाई. गार असताना निस्तं घसरतंय."

"मिस्त्री, तुम्ही बसवा. बाकीचं मी वाचलंय."

बसवले. घाटात खरोखर लई भारी धरले! मिस्त्रीची तपासायची एक पद्धत आहे. घाट उतरला की बाटलीतलं पाणी बोटानं ब्रेकच्या डिस्कवर शिंपडायचं. 'चर्र' झालं म्हणजे ब्रेकनं काम केलं. किती वेळ चर्र होतं त्यावरून तो पॅडची कुंडली मांडतो. त्या दिवशी इतकं चर्र झालं की घाटाखालच्या टपरीवाल्याला वाटलं, भजी सोडली!

पण सकाळी गार गाडी स्पीडब्रेकरलाही थांबेना. मग डॉक्टर रोज कामाला निघायच्या आधी डावा पाय ब्रेकवर ठेवून कॉलनीला दोन चकरा मारायचे. ब्रेक तापवायला.

वहिनी डबा हातात धरून फाटकात उभ्या. दुसऱ्या चकरेला त्यांनी गाडी अडवली.

"समोर एखादी म्हातारी आली तर तिला काय सांगायचं? आजी, वाईच थांबा, ब्रेक तापू द्या?"

आणि त्या एसटी स्टँडकडं गेल्या. पहिला सेट निघाला.

* * *

दुसरा सेट मेटलवाला. त्यात धातूचा चुरा जास्त. गार असो की गरम, धरणार म्हणजे धरणार. फक्त चिरकणार. चिरकणं म्हणजे असं, की डॉक्टर चौकात थांबले की मला दुकानात कळायचं. वहिनींनी फाटकातूनच कानांवर हात ठेवले आणि एसटी धरली.

महिनाभरात एक शेतकरी डॉक्टरांना शोधत दुकानात आला. तोंड रागानं लाल.

"डॉक्टर, तुमची गाडी येशीपाशी चिरकली की माझी म्हैस दावं तोडून तुरीत घुसती. आता इंजेक्शन म्हशीला द्यायचं का तुरीला?"

गुरांनी आवाज ओळखला होता! चिरकलं म्हणजे सुई आली. एका वस्तीवर तर आजारी गाय जागेवरच राहिली, तिला उठताच येत नव्हतं. पण शेजारच्या दावणीच्या चार धडधाकट म्हशी पळाल्या. हे मी बघितलेलं नाही, पण मला खरं वाटतं.

डॉक्टर गाडी अर्धा किलोमीटर लांब लावून पायी जायला लागले. गाडी एवढी स्पोर्टी, आणि खेळ सगळा पायांचा!

* * *

इकडं एसटीत वहिनींची चांगली ओळख झाली होती. ड्रायव्हर त्यांच्यासाठी पुढची सीट धरून ठेवायचा. एकदा त्यांनी विचारलं, "मामा, घाटात तुमचे ब्रेक तापत नाहीत?"

"तापत्याल कशानं, मॅडम? म्या घाटात बिरेकला पायच लावत न्हाई. दुसऱ्या गेरात टाकतो, इंजनच गाडी धरून ठिवतं."

वहिनींनी हे रात्री जेवताना सांगितलं. डॉक्टरांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"एसटीची आणि माझ्या गाडीची बरोबरी करू नको. ती एसटी आहे. ही टर्बो आहे!"



* * *

तिसरा सेट सिरॅमिकचा. आवाज नाही, भुकटी कमी, सकाळी गारही धरतो. हा मी आधीच सुचवला होता, पण व्हिडिओत कुणी सुचवला नव्हता.

पार्सल आलं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा. मिस्त्री पान्यांची करतो, डॉक्टर सुयांची. डॉक्टर म्हणाले, "पॅड घरी नेतो. पूजेत ठेवतो, मग बसवू. यावेळी काही राहायला नको."

पूजा झाल्यावर खोकं घेऊन आले. मिस्त्रीनं उघडलं. एक पॅड नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले.

झालं होतं असं, की खरबरीत पॅडवर कोरडं कुंकू धरेना. म्हणून डॉक्टरांनी ते गोडेतेलात कालवलं आणि चारही पॅडवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. मागच्या पत्र्यावर काढलं असतं तर चाललं असतं. त्यांनी काढलं ते डिस्कला घासतं त्या बाजूवर! वर समईतल्या तेलाचे पाच-पाच थेंब.

"डॉक्टर, ब्रेकला त्याल?" मिस्त्रीनं पॅडवरून बोट फिरवलं. "प्याडनं पार पिऊन टाकलंय की."

"मग आता काय करायचं?"

"आता ह्येंचं फकस्त दर्शन घ्यायचं."

ते चारही पॅड आजही माझ्या दुकानात देवाच्या फळीवर आहेत.

* * *

चौथा सेटही सिरॅमिकच. यावेळी खोकं माझ्या काउंटरवरून थेट मिस्त्रीच्या हातात गेलं.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर रुळवावे लागतात. ऐंशीवरून वीसवर गाडी आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत ऐंशी. असं आठ-दहा वेळा. त्यासाठी डॉक्टर आणि मिस्त्री मिरजगावच्या सरळ रस्त्याला गेले. डॉक्टर चालवणार, मिस्त्री मोजणार.

सहाव्या वेळेला मागून एक मोटरसायकलवाला आला. टोपी घातलेला, मागं पेंडीचं पोतं. पाच वेळा त्यानं ओव्हरटेक केलं होतं आणि पाच वेळा ह्यांनी त्याला. गाडी विसावर आल्याबरोबर त्यानं काचेशी मोटरसायकल लावली.

"ओ पाव्हणं! पळायचं का थांबायचं, येकदाच काय ते ठरवा की! माझं पोतं दोनदा पडलं!"

* * *

पॅड रुळले. डॉक्टर म्हणाले, "आता बस. शंभर टक्के गॅरंटी."

वहिनी म्हणाल्या, "बसते. पण ज्यांनी पॅड विकले आणि ज्यांनी बसवले, ते दोघं मागं बसतील."

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, माझं वजन जास्त हाय. घाटात गाडीला तरास व्हईल."

"उलट बरंय. टेस्ट चांगली होईल."

त्या गाडीला मागची सीट नावालाच. माझे गुडघे हनुवटीला, मिस्त्रीचं कोपर माझ्या बरगडीत. वहिनी पुढं, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. घाट सुरू झाला. मी डोळे मिटून घेतले. माझा माझ्या मालावर विश्वास आहे, पण डोळे आपले मिटले.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. इंजिन मोठ्यानं घुरघुरत होतं.

"इंजिन का एवढं ओरडतंय?" वहिनींनी विचारलं.

"स्पोर्टी गाडी आहे. ओरडणारच!"

मागून एसटी आली. हॉर्न देऊन पुढं गेली. ड्रायव्हरनं वहिनींना हात केला.

घाट संपला. गाडी रेंगाळत रेंगाळत टपरीसमोरच्या चढाला लागली आणि अगदी अलगद थांबली. वहिनी उतरल्या. कित्येक महिन्यांनंतर त्या डॉक्टरांकडं बघून हसल्या.

"आज खरे नीट लागले ब्रेक. जराही झटका नाही, वास नाही. उद्यापासून मी गाडीतच येणार."

डॉक्टरांनी रुमालानं मान पुसली.

मिस्त्री सवयीनं बाटली घेऊन पुढच्या चाकाशी बसला. डिस्कवर पाणी शिंपडलं. आम्ही चर्र ऐकायला थांबलो. पाणी गुपचूप खाली ओघळलं आणि मातीत गेलं. तो दुसऱ्या चाकाकडं गेला. तिथंही तेच. मग त्यानं चाकाच्या फटीतून हात घालून बोटं सरळ डिस्कवर टेकवली, आणि टेकवूनच ठेवली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डॉक्टरांकडं बघितलं.

डॉक्टर टपरीवाल्याकडं तोंड करून उभे होते.

"चार चहा करा. आणि आमच्या मिस्त्रींच्या चहात साखर जरा जास्त टाका!"