दोन खोल्यांमधला माणूस

तंटे मिटवण्याच्या त्या कार्यालयात सगळे त्यांना काका म्हणत. भांडणाऱ्यांना दोन खोल्यांत बसवायचं आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याकडे न्यायचं, हे त्यांचं काम. पण कुणाचंही म्हणणं त्यांनी कधी जसंच्या तसं पोचवलं नाही. ‘त्याचं तोंडही बघायचं नाही मला’ हे वाक्य मधला बोळ ओलांडेपर्यंत ‘त्याला थोडा वेळ हवाय’ असं होऊन जाई.

आता त्याच कामासाठी संगणक आला होता आणि तो चालवायला त्यांचीच भाची. दोघांनी आपापल्या खोलीत बसून मनातलं टाइप करायचं. कुठे जुळतंय ते शोधून संगणक तडजोडीचा मसुदा काढून देई.

छापखानेवाल्या दोन भावांचं भांडण काकांनी वर्षभर घोळवलं होतं. संगणकाने ते एका दुपारीच आटोपलं. छापखाना थोरल्याकडे, धाकट्याने वेगळं व्हायचं.

“मामा, दोघंही तयार आहेत!” भाची म्हणाली.

काकांच्या पोटात दुखलं. आपल्यापुढे मिठाची गुळणी धरून बसणारा तो धाकटा, त्या डबड्यापुढे बरा मोकळा झाला!

पाणी द्यायच्या निमित्ताने ते थोरल्याच्या खोलीत शिरले.

“सही कर बाबा. पण धाकट्याचा जीव अजून छापखान्यातच आहे हं.”

थोरल्याने पेन खाली ठेवलं. “मग नाही करत. भावाला हाकलला म्हणतील लोक.”

भाचीचा चेहरा उतरला. काका मनातून सुखावले. आता येतील दोघं झक मारत आपल्याकडे!

भाचीकडून कारण कळताच धाकटा उठला आणि तडक थोरल्याच्या खोलीत गेला.

“दादा, माझा जीव छापखान्यात आहे असं कोण म्हणालं?”

“हे काय, इथे उभे आहेत ते काकाच म्हणाले!”

“अरे, त्या शाईच्या वासाने मळमळतं मला! पहिल्यापासून!”

“मग बोलला नाहीस ते?”

“विचारलंस कधी?”

“गाढवा, तुझ्यासाठी नवं यंत्र घेतलं मी!”

“मी मागितलं होतं?”

थोरल्याला हसू फुटलं. “काका, तो कागद राहू द्या इथे, करतो आम्ही सह्या. आणि जाताना दार ओढून घ्या.”

काकांनी दार ओढलं. भाची धावत आली.

“मामा, काय बोलतायत?”

“मला काय ठाऊक?” काका फणकारले. “मला विचारतंय कोण!”