बारावा कप्पा

“आधी वता, मंग बोला.”

मोटारसायकलवर लांब निघालेला माणूस हत्यारांची पिशवी घेऊन आला, की भाऊजींच्या तोंडून पहिलं हेच वाक्य निघायचं. बस म्हणणं नाही, चहा विचारणं नाही. माझ्या दुकानाच्या पायरीसमोर ते ताडपत्रीचा तुकडा अंथरायचे, दोन्ही तळव्यांनी त्याच्या सुरकुत्या मोडायचे आणि बोट दाखवायचे. पिशवी उलटी व्हायची. खळखळाट असा, की शहागंजाच्या गर्दीतही चार माणसं थांबून बघायची.

भाऊजी म्हणजे माझे दीर नव्हेत हं. ते यांचे, म्हणजे माझ्या मालकांचे, जुने मित्र. पाण्याच्या टँकरांवर देखरेख ठेवायची त्यांची नोकरी. कुठल्या गावाला टँकर पोचला, कुठं अडकला, हे बघत ते पैठण तालुका फटफटीवर पालथा घालायचे. पाऊस बरा झाला तर काम कमी. पण आपल्याकडं पाऊस बरा कधी व्हायचा, ते तुम्हाला मी काय सांगू!

आमचं दुकान जाड कापडाचं. गाड्यांची सीट कव्हरं, ताडपत्र्या, कूलरचे पडदे, दप्तरं. आधी हे शिवायचे. यांचे डोळे अधू झाले तेव्हा मी मशीनवर बसले. मला कुणी शिकवलं नाही. जुनं उसवून बघायचं आणि तसंच नवं शिवायचं, एवढीच माझी शाळा.

रविवारी सकाळी भाऊजींचा दरबार आमच्या पायरीवर भरायचा. शहर वाढत होतं. क्रांती चौकात पूल झाला, कंपन्यांमधे नवी नवी पोरं नोकरीला आली, पहिल्या पगारात मोटारसायकल घेऊ लागली आणि कुणी गोव्याला, कुणी थेट लडाखला निघू लागली. एकानं दुसऱ्याला सांगायचं, “जायच्या आधी शहागंजातल्या काकांना पिशवी दाखव.”

एकदा एका धिप्पाड पोराच्या पिशवीतून हा एवढा हातोडा निघाला.

“ह्यो कशाला? हिमालय फोडायचाय का?”

“असू द्या काका, लागला कधी तर.”

“व्हय, पर लागला तर मारणार कुठं? दाखव बरं.”

पोरगा हातोडा घेऊन आपल्या गाडीभोवती दोन चकरा फिरला. नव्या कोऱ्या गाडीवर कुठं मारणार बिचारा! हातोडा ताडपत्रीच्या बाहेर गेला.

नियम एकच होता. पिशवीत जे असेल तेवढ्यावरच गाडीचं मागचं चाक काढायचं, ट्यूब बाहेर घ्यायची, पुन्हा सगळं बसवायचं. भाऊजी हात लावणार नाहीत. ज्या वस्तूला हात लागला नाही, तिचं काय काम ते मालकानं सांगायचं. सांगता आलं नाही तर वस्तू घरी. एकाकडं सहा चकचकीत स्क्रू ड्रायव्हर होते आणि टायर उचकटायची पट्टी एकही नव्हती. तो दुपारपर्यंत टायरशी झटापट करत बसला. दुसऱ्याच्या पिशवीत पान्यांच्या मधोमध आईनं दिलेल्या लाडवांचा डबा निघाला. पोरगं लाजलं. भाऊजी म्हणाले, “ह्ये ऱ्हाऊ द्या. ह्येचा वापर येतो ह्याला.”

आणि जाताना प्रत्येकाच्या हातावर दोन गोष्टी ठेवायचे. अंगाच्या साबणाचा तुकडा, पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर तात्पुरती बुजवायला. आणि क्लचची जादा वायर. ती पिशवीत नाही ठेवायची. जुन्या वायरीच्या शेजारीच आधी बांधून घ्यायची, म्हणजे जुनी तुटली की नुसतं टोक बदललं की झालं. “अंधारात पिशवी हुडकू नका, हात थरथरतो,” म्हणायचे.

एवढ्या लोकांना धाडणारे भाऊजी स्वतः मात्र टँकरच्या मागं. त्यांना कन्याकुमारीला जायचं होतं. “देवदर्शन म्हणून नाय वैनी. आपल्या दारातनं जो रस्ता निघतो, तो संपतो कुठं ते एकदा बघायचंय.” एवढंच. त्यांची सगळी हत्यारं तेव्हा सिमेंटच्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. मला म्हणाले, “ह्यांना घर करून द्या. ज्याला त्याला आपापला कप्पा. उघडल्याबरोबर दिसलं पायजे, कोण घरी हाय अन् कोण रस्त्यात राहिलं.”

मी कॅनव्हासचा लांब पट्टा अंथरला, त्यावर त्यांचे पाने, पक्कड, प्लग पाना, पट्ट्या, सगळं ओळीनं मांडलं आणि एकेकाभोवती खडूनं रेघ मारत गेले. रेघेवर कप्पे शिवले. वरून झाकण, गुंडाळायला नाडी. भाऊजी इतके खूश झाले की ती गुंडाळी काखेत घेऊन अख्ख्या बाजारात मिरवून आले.

दुसऱ्याच दिवशी ते पाचोडला गेले. पाचोड म्हणजे त्यांचा ठरलेला पहिला मुक्काम. तिथं हॉटेलात चहा सांगायचा आणि चहा येईपर्यंत हत्यारं उघडून बघायची, ही रीत. उघडलं तर एक कप्पा रिकामा. मधलाच.

झालं! बाजाराचा दिवस, माणसांची ही गर्दी, आणि आमचे भाऊजी फटफटी हातात धरून, मान खाली घालून रस्त्याच्या कडेनं चालतायत. लोक विचारायचे, “काय हरवलं?” भाऊजींना सांगता येईना. पक्कड हाय, पाने हायेत, प्लग पाना हाय. काय राहिलं? असे शोधत शोधत वाटेतल्या आडूळपर्यंत आले आणि मग थेट माझ्या दुकानात. भुवयांवर धूळ.

“वैनी, माझ्याकडं हत्यारं किती?”

मी मोजली. अकरा. कप्पे मोजले. बारा.

त्या रिकाम्या कप्प्याचा आकार बघितला. हळूच माझी छोटी कात्री उचलून आत सरकवली. बरोब्बर बसली. अहो, हत्यारं मांडली तेव्हा माझीच कात्री मधे पडलेली होती आणि मी तिच्याभोवतीही रेघ मारली होती!

मला वाटलं आता रागावतील. माणूस भर उन्हात गटारं तपासत आला होता. पण ते पायरीवर बसले आणि असे हसायला लागले की आतून हे ओरडले, “काय झालं रे?”

“काय नाय रे! तुझ्या बायकोनं मला न हरवलेली वस्तू हुडकायला लावली!”

मी उसवायला कप्पा पुढं ओढला तर त्यांनी हात आडवा धरला. “उसवू नका. सुईची भोकं राहतेत, कापड तिथंच फाटतं. त्यापेक्षा कात्री द्या.”

“कात्री नाही देणार. माझं पोट आहे त्यावर. हे न्या.” मी त्यांना दाभण दिलं, गोणी शिवायची ती जाड सुई, आणि मेण लावलेला दोरा त्याला गुंडाळून दिला. बारावा कप्पा भरला.

त्या उन्हाळ्यात कन्याकुमारी होणार होती. रजेचा अर्ज गेला, आणि विहिरी आटल्या. अर्ज परत. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी रजा मिळाली, निघालेही. पाचोडला चहा प्यायले, कप्पे मोजले, आणि तेवढ्यात फोन आला: टँकर वाढलेत, माणूस नाही. चहाचा कप ठेवून मागं फिरले. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, “रस्ता काय पळून चालला व्हय?”

त्याच उन्हाळ्यात एका वाडीवर टँकरचा कापडी पाइप हातभर फाटला. बाया घागरी घेऊन उभ्या. ड्रायव्हर म्हणाला, शहरातून दुसरा आणावा लागेल. भाऊजींनी गुंडाळी उघडली, दाभण काढलं आणि मांडी घालून पाइप शिवायला बसले. वरून जुन्या ट्यूबची पट्टी आवळली. तरी टाक्यांमधून थेंब थेंब गळतच होतं. तर बायांनी त्या टाक्यांखालीसुद्धा एक घागर लावली. एक म्हातारी त्यांना म्हणाली, “टेलर हाईस का रं लेका?”

“नाय मावशी. टेलरबाईनं धाडलंय.”

ही गोष्ट ते मला दर उन्हाळ्यात नव्यानं सांगायचे. दरवेळी पाइप वीतभर जास्त फाटायचा आणि घागरी वाढायच्या. मी कधी टोकलं नाही.

शेवटी ते निवृत्त झाले. आता अडवायला टँकर नव्हता. पण गल्लीत पैजा लागल्या. “पाचोडवरनं माघारी येतेत बघा.” मलाही धाकधूक होती. साठीचा माणूस. एकदा मागं फिरला की पुन्हा किक मारायची उमेद कुठून आणणार?

निघायच्या सकाळी गाडी माझ्या दारात उभी. पाठीवरच्या पिशवीचा बंद उसवायला आला होता. मी म्हटलं थांबा, आणि त्यांचंच दाभण काढून चार टाके घातले. यांनी त्यांच्या गाडीला हार घातला. त्यांची मुलगी म्हणाली, “बाबा, सारखं मोजत बसू नका.” ते गेले. पुलाकडं वळताना हात वर केला.

मी आत येऊन मशीनवर बसले, आणि बघते तर काय! माझ्या सुयांच्या उशीत, बारक्या सुयांच्या मधोमध, दाभण ताठ उभं. हातातली सुई उशीत खोचायची, ही माझी आयुष्यभराची सवय. हाताला काय कळतंय सुई कुणाची ते!

फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असले की ते उचलायचे नाहीत. मी घड्याळाकडं बघत बसले. आता पाचोड येईल. चहा सांगतील. नाडी सोडतील. मधला कप्पा रिकामा दिसेल आणि हा माणूस कन्याकुमारीकडं पाठ करून मान खाली घालून चालायला लागेल. माझ्यामुळं. दुसऱ्यांदा. हे म्हणाले, “अगं, एवढं काय.” मी यांच्यावरच खेकसले.

फोन वाजला.

“वैनी, दाभण कुठं राहिलं?”

“माझ्या उशीत आहे, माझीच चूक. भाऊजी, तुम्हाला शपथ आहे, मागं येऊ नका!”

पलीकडं बाजाराचा गलका. त्यातूनच ओरडून म्हणाले, “उशीत हाय ना? नक्की?”

“डोळ्यांसमोर आहे.”

“मंग राहिलं नाय म्हणत त्याला. ठिवलंय म्हणतेत. चला, निघतो.”

आणि निघाले की हो! सोलापूरहून फोन, “अकरा हायेत, एक तुमच्याकडं.” विजापूरहून तसाच. मदुराईहून तसाच. पुढचा फोन आला त्यात आधी नुसता वारा ऐकू आला. मग भाऊजी ओरडले, “वैनी, संपला! रस्ता संपला! पुढं नुसतं पाणी हाय. इतकं पाणी, अन् एक टँकर नाय!”

मी दुकानात एकटीच हसले, डोळे पुसले.

महिन्याभरानं काळेठिक्कर होऊन परत आले. मला तिकडच्या काथ्याची दोरी आणली, “लई मजबूत हाय.” मी उशीतून दाभण काढून पुढं केलं. घेईनात. “ऱ्हाऊ द्या तिथंच. पाचोडवरनं फोन करायला काय तरी निमित्त पायजे.”

त्यानंतर ते पुष्कळ हिंडले. पुरी, द्वारका, एकदा पार नेपाळची हद्द. प्रत्येक वेळी बारावा कप्पा रिकामा, आणि प्रत्येक वेळी पाचोडहून फोन, निघण्याची दिशा दुसरी असली तरी! आधी पाचोडचा चहा, मग जग. दुष्काळाची वर्षं पुन्हा येऊन गेली. आमचे हे गेले. भाऊजी रविवारी पायरीवर येत राहिले, पोरांच्या पिशव्या ओतत राहिले. गेल्या वर्षी तेही गेले. आजार फार नाही, कुरकुर तर मुळीच नाही.

परवा त्यांची मुलगी आली. वडिलांचीच फटफटी घेऊन. गुंडाळीची नाडी तुटली होती, नवी लावून हवी होती. मी नाडी लावत होते आणि ती बाजूला चुळबुळत होती.

“काकू, एक कप्पा रिकामा हाय. मी घरभर हुडकलं. कपाटामागं बघितलं. काय राहिलंय तेच कळंना.”

मी तिला म्हटलं, “बस.” आणि सगळं सांगितलं. कात्री, आडूळपर्यंतची पायपीट, पाइप, म्हातारी. पाइप माझ्याकडूनही वीतभर वाढला. मग उशीतून दाभण उपसलं, दोरा नवा गुंडाळला आणि मधल्या कप्प्यात सरकवलं.

“कुठं निघालीस?”

“रस्ता संपतो तिथं.”

तासाभरानं फोन आला. मागं तोच बाजाराचा गलका.

“काकू, बारा हायेत.”

“बरं. सावकाश जा,” म्हटलं आणि फोन ठेवला. मशीनवर बसले. उशीत दाभणाचं भोक मोठं पडलंय, एवढ्या वर्षांचं. बारीक सुई त्यात उभी राहत नाही, लगेच कलते. मी तिथं सुई खोचत नाही.