मुशान आणि बारीक झाडं

कोन्युह डोंगरावर झाडं तोडणाऱ्या मुशानचा या जगात फक्त मोठ्या झाडांवर विश्वास होता. त्याच्या मते मोठं झाड सरळमार्गी. ज्या बाजूला पाडायचं तिकडून खोल खाच घ्या, मागून करवत घाला, मधे थोडं लाकूड बिजागरीसारखं राखा आणि पाचरी ठोका. झाड कुरकुरतं, शेंडा हलतो, मग रीतसर सांगूनसवरून पडतं.

बाकी सगळ्यांबद्दल संशय. डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा हा गृहस्थ कितीतरी दिवस चौकशी करत होता, की डॉक्टर हायरियाच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, माहेरचा तर नाही ना.

बारीक झाडांचा तर त्याला तिटकाराच. मांडीएवढ्या बुंध्यात करवतीचं पातं शिरलं की पाचरीला जागा उरत नाही. म्हणून मुशानची पद्धत सोपी : एक आडवा काप, खांद्याचा धक्का, विषय संपला. झाड भलतीकडे गेलं तर दोष झाडाचा.

एकट्यानं तोड करायची नाही असा नियम होता. जुना जोडीदार कंबर धरून घरी बसल्यापासून मुशाननं दोघांना परत धाडलं होतं. एक फार बोलायचा म्हणून, दुसरा अजिबात बोलायचा नाही म्हणून. मुकादम दुर्मो शेवटी वैतागला.

"मुशानदादा, हा तिसरा आणि शेवटचा. याच्याशी बिनसलं, किंवा तुझं आणखी एक झाड शेजारच्या झाडात अडकून लटकलं, तर सरळ खाली गिरणीत. फळ्या रचत बस निवृत्तीपर्यंत."

गिरणीत! पत्र्याखाली, भुशात, दिवसभर कापलेल्या लाकडाचं तोंड बघत! मुशानला त्यापेक्षा कबर हवेशीर वाटली असती.

तिसरा आला तो आंतो. सावा नदीकाठच्या सपाटीवरचा. तिकडे रांगेत, लांब-लांब लावलेले, सगळे एका मापाचे पॉप्लर. त्यातच त्याची उमर गेलेली. बारीक झाडाला तो आधी छोटी खाच घ्यायचा. मग मागून अर्धाच काप, त्यात चपटी पहार अडकवायची, उरलेला अर्धा किंचित खालून कापायचा आणि पाठ ताठ ठेवून पहार उचलायची. झाड सांगितल्या जागी जाऊन आडवं.

"अरे, झाड पाडतोयस की नवरदेवाची दाढी करतोयस?" मुशाननं डिवचलं.

"दाढीच समजा, काका. रक्त निघालं की लग्नात सगळे न्हाव्यालाच शिव्या घालतात."

फार गोड बोलतो, मुशाननं मनात नोंदवलं. त्यातून न मागता कॉफी ओततो. आणि फोनला रेंज हवी म्हणून सारखा वर चढावावर जाऊन उभा राहतो. दुर्मोचा हेर, दुसरं कोण?

त्या सकाळी आंतो असाच वर पाठमोरा, फोन कानाला. मुशानचा एक डोळा त्याच्यावर, हात बीचच्या एका बारीक झाडावर. आडवा काप घेतला, तर झाड मागं रेललं आणि पातं चिमटीत सापडलं. मुशाननं शिवी हासडून खांदा लावला. करवत सुटली, पण झाडानं गिरकी घेतली आणि शेजारच्या दांडग्या फरच्या फांद्यांत जाऊन तिरकं लटकलं. लेकरू आईच्या कडेवर चढावं तसं.

नेमकी तेव्हाच खालून दुर्मोची जीप आली.

"हे कुणाचं?" दुर्मोनं वर बघत विचारलं.

मुशान करवतीचं पातं पुसू लागला.

"माझं," मागून धावत आलेला आंतो म्हणाला. "अंदाज चुकला."

"सपाटीवरची माणसं तुम्ही! तिकडे झाडं लटकायला शेजारी तरी असतात का? नवा आहेस म्हणून या वेळी सोडतो. घोडा पाठवतो, ओढून काढा. तोवर त्याच्याखाली कुणी फिरकायचं नाही." दुर्मो जीपकडे वळला.

दुसरा कुणी असता तर त्यानं आंतोला मिठी मारली असती. मुशाननं त्याची बाही धरली.

"का?"

"काय का?"

"खोटं का बोललास? काय पाहिजे तुला? माझी जागा? हायरियाच्या ओळखीतला आहेस?"

"काका, सोडा ना."

"फुकटचे उपकार मला पचत नाहीत. खरं सांग, नाहीतर आत्ता हाक मारून सांगतो त्याला, की मी पाडलं."

"वेड लागलंय का? गिरणीत जाल!"

"जाईन. दुर्मो! ए दुर्मो!"

दुर्मो जीपच्या दारात थांबला. आंतो घाईघाईनं, जवळजवळ कानात बोलल्यासारखं बोलला :

"मला मोठी झाडं येत नाहीत. पॉप्लरच्या वर काही पाडलेलं नाही जन्मात. तुम्ही गेलात तर या सगळ्या राक्षसांसमोर मला उभं करतील. माझी फाटते, काका. बस्स?"

म्हणजे गड्यानं स्वतःसाठीच केलं होतं, अगदी शुद्ध स्वतःसाठी. किती तरी दिवसांनी मुशानला समोरच्याचं म्हणणं पूर्ण पटलं.

"काय रे?" खालून दुर्मो ओरडला.

"काही नाही! घोडा जरा लवकर पाठव!"

जीप गेली. मुशाननं आंतोची बाही सोडली, वर झटकूनही दिली.

"चल तिकडे, त्या सुट्या फरपाशी. खाच किती खोल घ्यायची ते दाखवतो," तो म्हणाला. "आणि माझ्या मागं उभा राहू नकोस. शेजारी राहा, दिसशील असा."